आधी सनद, मग उड्डाण

मंगळावर माणसं वसवू पाहणाऱ्या स्पेसएक्स कंपनीची स्टारलिंक ही उपग्रहावरून इंटरनेट देणारी सेवा २०२० साली लोकांपर्यंत पोचायला लागली, तेव्हा ग्राहकाने मान्य करायच्या अटींमध्ये मंगळाविषयी एक कलम होतं. मंगळ हा मुक्त ग्रह आहे आणि तिथल्या व्यवहारांवर पृथ्वीवरच्या कुठल्याही सरकारची सत्ता नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे; तिथले तंटे स्वशासनाच्या तत्त्वांवर सोडवले जातील आणि ती तत्त्वं मंगळावर वस्ती होईल त्या वेळी सद्भावनेने ठरवली जातील, असा त्याचा आशय. एका ग्रहाची राज्यव्यवस्था इंटरनेटच्या करारात दोन वाक्यांत उरकलेली पाहून मी बराच वेळ ती वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

कायद्याच्या दृष्टीने त्या कलमात फार दम नाही. १९६७च्या अंतराळ करारानुसार खासगी कंपन्यांच्या कामांची जबाबदारी त्यांच्या देशाच्या सरकारवर येते, आणि यान ज्या देशाच्या नोंदणीत असेल त्या देशाचा त्यावरचा आणि त्यातल्या माणसांवरचा अधिकार ते कुठेही गेलं तरी सुटत नाही. मी अडलो ते ‘त्या वेळी’ या दोन शब्दांपाशी. आधी पोचू, मग ठरवू. हा क्रम घातक आहे असं मला ठामपणे वाटतं, आणि ते मला शिकवलं एका जुन्या कॉम्प्युटर गेमने.

‘सिड मायर्स आल्फा सेंटॉरी’ हा तो गेम. तो फेब्रुवारी १९९९मध्ये आला. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या फिरॅक्सिस कंपनीने तो बनवला. नाव सिड मायर यांचं असलं तरी रचना मुख्यतः ब्रायन रेनॉल्ड्स यांची. पाळीपाळीने खेळायचा हा डावपेचांचा खेळ आहे, एक पाळी म्हणजे एक वर्ष. त्याआधीच्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये जिंकायचा एक मार्ग असा होता की आल्फा सेंटॉरीकडे यान पाठवायचं. यान पोचलं की खेळ संपला. हा गेम नेमका तिथून सुरू होतो.

तो तारा आपल्याही ओळखीचा आहे. नरतुरंग तारकासमूहातला हा तारा, आपल्याकडे त्याला मित्र म्हणतात. उन्हाळ्याच्या शेवटी रात्री दक्षिणेचं क्षितिज मोकळं मिळालं तर तो महाराष्ट्रातून दिसतो. पुण्याहून फार फार तर ११ अंश वर येतो आणि मावळतो. अंतर ४.३७ प्रकाशवर्षं. गेममधलं ‘युनिटी’ नावाचं यान तिकडे जायला निघतं ते संयुक्त राष्ट्रांच्या वतीने, मोडकळीला आलेल्या पृथ्वीवरून. माणसं दीर्घ निद्रेत. ग्रह जवळ आल्यावर यानात बिघाड होतो, लोकांना उठवावं लागतं, आणि त्या गोंधळात कप्तान जॉन गारलँडचा खून होतो. यानातले लोक सात तुकड्यांत फुटतात आणि एकेक भाग घेऊन वेगवेगळ्या ठिकाणी उतरतात.

त्या फुटीत गेमचं सगळं शहाणपण आहे. हे सात गट देशांवरून पडत नाहीत, माणसांनी एकत्र कसं राहावं यावरून पडतात. शेंग-जी यांगला मुंग्यांच्या वारुळासारखा समाज हवा, जिथे व्यक्ती म्हणून कुणाला काही किंमत नाही. न्वाबुडिके मॉर्गनला बाजार हवा. प्रोखोर झाखारोवला संशोधनाच्या आड काहीच यायला नको. कोराझोन सँतियागोचा भरवसा शस्त्रांवर, मिरियम गॉडविन्सनचा देवावर, डिअर्ड्रा स्कायचा त्या नव्या ग्रहावर आणि त्याच्या वनस्पतींवर. सातवा आपला माणूस आहे : प्रवीण लाल. हा भारतीय डॉक्टर अखेरपर्यंत संयुक्त राष्ट्रांची सनद धरून राहतो. फिरॅक्सिसनेच २०१४मध्ये ‘बियाँड अर्थ’ नावाचा दुसरा गेम काढला, त्यात गट बहुतेक भूभागांवरून पाडले : आफ्रिकेचा, ब्राझीलचा, स्लाव्ह लोकांचा. तो दिसायला कितीतरी सुंदर आहे. पण त्यात भांडण कशावरून आहे हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

‘युनिटी’वर नियम नव्हते असं नाही. सनद होती, मोहिमेची नियमावली होती, अधिकारांची उतरंड होती. पण ते नियम यान चालवण्याचे होते. जमिनीवर पाय ठेवल्यावर सत्ता कुणाकडे, काम कुणी करायचं, ज्याला पटत नाही त्याने जायचं कुठे, या प्रश्नांची उत्तरं पोचल्यावर द्यायची असं गृहीत धरलं होतं. पोचल्यावर ज्याच्या हाताला जो दरवाजा लागला त्याने त्यातून आपलं उत्तर बाहेर नेलं.

मी हा गेम पहिल्यांदा खेळलो तो हॉस्टेलमध्ये, रूममेटच्या कॉम्प्युटरवर, परीक्षेच्या दिवसांत. अभियांत्रिकीचा विद्यार्थी होतो, साहजिकच झाखारोवची बाजू घेतली. विद्यापीठाचा गट, ज्ञान हेच ध्येय, ह्याच्याहून चांगलं काय असणार? या गटाचा एक नियम मला सुरुवातीला नीट समजला नव्हता. दर चार नागरिकांमागे एक जास्तीचा ‘ड्रोन’ त्याच्या वस्त्यांमध्ये तयार होतो. ड्रोन म्हणजे ज्याच्या वाट्याला फक्त राबणं येतं तो असंतुष्ट माणूस. संशोधकांच्या राज्यात असे लोक इतरांपेक्षा जास्त, हे रेनॉल्ड्स यांनी गेमच्या गणितातच घालून ठेवलं आहे. त्यांची संख्या वाढली की वस्तीत दंगा होतो, काम ठप्प.

माझ्या एका मोठ्या वस्तीत असे दंगे सुरू झाले. मनोरंजनाची केंद्रं बांधायला वेळ लागत होता आणि मला एक मोठा प्रकल्प दुसऱ्या कुणाच्या आधी पुरा करायचा होता. पोलिसी राज्य निवडलं, तेही पुरेना. मग वस्तीच्या पडद्यावरचं एक बटण दाबलं. त्याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ होतो माणसांच्या मज्जातंतूंना टाचणी मारणं. दहा वर्षं म्हणजे दहा पाळ्या तिथे एकही दंगा होत नाही. लोक शांतपणे काम करतात. प्रकल्प वेळेत झाला. बाकीच्या गटांनी हे मानवतेविरुद्धचं कृत्य ठरवून माझ्याशी व्यापार तोडला, तेव्हा कुठे मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण तो गेम मी नंतर कधीच त्या निर्धास्तपणे खेळलो नाही. मी स्वतःला सातांपैकी शहाण्यांच्या बाजूचा समजत होतो, आणि ते बटण दाबायला मला मिनिटभरही लागलं नव्हतं.

इथे आणखी एक गोष्ट आहे, जी कळायला मला कितीतरी डाव लागले. त्या ग्रहावर सगळ्या नेत्यांची एक परिषद असते. या परिषदेत ठराव मांडून, मतदान करून, संयुक्त राष्ट्रांची सनदच रद्द करता येते. ती रद्द झाली की तेच बटण दाबल्याबद्दल कुणी व्यापार तोडत नाही. कृत्य तेच, माणसं तीच, फक्त गुन्हा उरत नाही. खेळात हा ठराव अगदी साध्या शब्दांत समोर येतो, आणि आपल्या सोयीचा असेल तर हात आपोआप ‘बाजूने’कडे वळतो.

राज्य कसं करायचं हे गेममध्ये चार रकान्यांत निवडायचं असतं : राजकारण, अर्थव्यवस्था, मूल्यं आणि भविष्यातला समाज. फुकट काही मिळत नाही. मुक्त बाजार घेतला तर तिजोरी भरते, पण ग्रह तुमच्यावर उलटतो आणि स्वतःच्या लोकांवर फौज बसवणं जवळजवळ अशक्य होतं. नियोजित अर्थव्यवस्थेत वस्त्या झपाट्याने वाढतात, कारभार मात्र गळका होतो. लोकशाहीत कारभार सुधारतो, लोकसंख्या वाढते, पण सैन्य पोसणं महाग पडतं. श्रद्धेचं राज्य घेतलं तर हेरगिरीला तटबंदी मिळते, संशोधन मागे पडतं. शिवाय प्रत्येक नेत्याला एक गोष्ट कदापि मान्य नसते : लालला पोलिसी राज्य, मॉर्गनला नियोजन, यांगला लोकशाही, मिरियमला ज्ञानाला सर्वोच्च मानणं. आणि लोकशाही निवडता यावी यासाठी आधी एक विद्या मिळवावी लागते, तिच्या नावाचा अर्थ नीतीचं गणित. ती आकाशातून पडत नाही, शिकावी लागते. आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राज्यपद्धतींची वैशिष्ट्यं पाठ करायला होती. त्यांची किंमत कोण मोजतं हे मला या चार रकान्यांनी दाखवलं.

आता हा खेळ बाजूला ठेवून खऱ्या मंगळाकडे पाहू. नासाच्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीवर मॉक्सी नावाचं एक छोटं उपकरण होतं, मंगळाच्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन काढून दाखवण्यासाठी. २०२१ ते २०२३ या काळात ते १६ वेळा चालवलं आणि त्यातून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे त्या सगळ्या यशस्वी प्रयोगांमधून एका माणसाचा साडेतीन तासांचा श्वास निघाला. मी हे उपकरणाला कमी लेखण्यासाठी सांगत नाही, ते काम मला फार मोलाचं वाटतं. पण या आकड्याचा अर्थ असा की तिथला प्रत्येक श्वास कुणीतरी तयार केलेला असणार. तो तयार करणारं यंत्र कुणाच्या तरी मालकीचं असणार, त्याच्या देखभालीचा खर्च कुणाच्या तरी वहीत लिहिला जाणार.

पृथ्वीवर मजुराचं मालकाशी पटलं नाही तर निदान तो गेटच्या बाहेर जाऊन उभा राहू शकतो. गिरणी बंद पडली, संप मोडला, उपासमार झाली, तरी परळच्या रस्त्यावरची हवा मालकाची नव्हती. मंगळावर गेटच्या बाहेर मृत्यू आहे. परत यावं म्हटलं तर पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात ते २६ महिन्यांतून एकदा. निरोप पाठवायचा तर तो एका बाजूने पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि तो ज्या यंत्रणेतून जाणार तीही बहुधा त्याच मालकाची. प्रवीण लालच्या तोंडी गेममध्ये एक इशारा आहे : जो तुम्हाला माहितीपासून तोडू पाहतो तो मनातून तुमचा धनी होऊ पाहत असतो. मंगळ मुक्त असल्याचं कलम एका संपर्कसेवेच्या करारात होतं, हे मला या इशाऱ्याच्या शेजारी ठेवून वाचावंसं वाटतं. अशा ठिकाणी मज्जातंतूंना टाचणी मारायची गरजच पडणार नाही. एक झडप अर्धी बंद केली की पुरे. किंवा तीही नको, ती कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना माहीत असलं तरी भागेल.

कंपनीने वसवलेली वस्ती म्हणजे काय हे समजून घ्यायला मराठी माणसाला दूर जावं लागत नाही. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिलं. कंपनीकडे सनद होती, राजाची मोहोर असलेली, अगदी कायदेशीर. त्या बेटावर आधीपासून राहणाऱ्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना त्या सनदेत काय लिहावं असं कुणी विचारलं नाही. म्हणून नुसती ‘सनद हवी’ म्हणणं मला अपुरं वाटतं. ती ज्याच्यावर राज्य होणार त्या माणसासाठी लिहिलेली हवी, आणि ती मोडणाऱ्याला अडवणारं कुणीतरी कंपनीच्या बाहेरचं हवं.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत.

पहिला असा की हे सगळं फार पुढचं आहे, आधी माणूस तिथे उतरू तर द्या. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक नाही का इतकी वर्षं सुरळीत चालू? चालू आहे. त्यामागे १९९८चा आंतरसरकारी करार आहे, ज्यात कुठल्या भागावर आणि कुठल्या माणसावर कुठल्या देशाचा कायदा हे आधीच लिहिलेलं आहे. पहिला भाग त्याच वर्षाच्या अखेरीस वर गेला आणि अंतराळवीर राहायला गेले २००० साली. म्हणजे हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. शिवाय तिथे मूठभर प्रशिक्षित माणसं असतात, त्यांना घरी आणणारं यान स्थानकाला जोडलेलं असतं, आणि मुलं जन्माला येत नाहीत. वस्ती ही गोष्ट वेगळी.

‘पुढचं पुढे बघू’ या वाक्याची किंमत आपल्याकडे धरणांच्या काठी मोजली गेली आहे. कोयनेचं धरण १९६०च्या दशकात उभं राहिलं. तिथून उठवलेल्या लोकांची पुढची पिढी, त्याही पुढची पिढी, जमिनीसाठी आंदोलनं करत राहिली. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा ज्यांनी दिली त्यांना अनुभवाने कळलं होतं की पाणी चढल्यावर वाटाघाटीला बसणाऱ्या माणसाच्या हातात काही उरलेलं नसतं. क्रम हाच न्यायाचा अर्धा भाग असतो. मंगळावरच्या वस्तीत तर पाणी पहिल्या दिवसापासून चढलेलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पृथ्वीवर बसलेल्यांनी दूरच्या ग्रहावरच्या लोकांचे नियम का लिहावेत? हेही एक प्रकारचं वसाहतीचंच राज्य नाही का? ज्यांना तिथे राहायचं आहे त्यांनीच ठरवावं. हा विचार मला मनापासून पटतो, आणि त्याच कारणासाठी मी सनद आधी मागतो. त्यांनी ठरवायचं तर ठरवण्याची ताकद त्यांच्यात शिल्लक राहायला हवी. ज्याचा श्वास दुसऱ्याच्या हिशेबात आहे तो सभेत हात वर करताना कुणाकडे बघेल? पूर्ण राज्यघटना इथून लिहून पाठवा असं मी म्हणत नाही. तिथले लोक नंतर समाजवादी होवोत, व्यापारी होवोत, मठात राहोत. त्याच्या खालची जमीन मात्र इथेच पक्की करून पाठवायला हवी : हवा आणि पाणी कामाच्या मोबदल्यात मिळणारी वस्तू नाही, बोलल्याबद्दल संपर्क तोडता येणार नाही, आणि परत यायचा रस्ता कुणालाही बंद करता येणार नाही. एवढं हातात असेल तर बाकीचं भांडण त्यांचं त्यांनी करावं. सात गट पडले तरी हरकत नाही.

या गेमवर माझं इतकं प्रेम आहे म्हणून त्याचा एक मोठा दोषही सांगायला हवा. त्यात लोकशाही निवडली तरी नेता बदलत नाही. खेळ २१०१ साली सुरू होतो आणि शतकानुशतकं चालतो. औषधांनी आयुष्य वाढवलेला तोच लाल, तोच मॉर्गन खुर्चीवर बसून असतो. निवडणूक होते ती परिषदेतल्या नेत्यांमध्ये, वस्तीतल्या माणसांमध्ये नाही. ड्रोन दंगा करू शकतो, पण तुम्हाला हटवू शकत नाही. लोकशाही हा राज्यकर्त्याने चार रकान्यांतून निवडलेला एक पर्याय असतो, उद्या नको वाटली तर थोडा दंड भरून बदलता येतो. आणि खेळणारा नेहमी वरच असतो. वस्तीत सकाळी उठून खाणीकडे जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी तो ग्रह एकदाही दिसत नाही.

हा दोष गेमपुरता असता तर मी त्यावर एवढा थांबलो नसतो. परग्रहावरच्या वस्तीविषयी आज जे काही बोललं जातं ते जवळजवळ सगळं याच उंचीवरून बोललं जातं. किती टन माल, किती उड्डाणं, किती वर्षांत किती लोकसंख्या. नकाशाकडे वरून पाहणाऱ्याची ही भाषा आहे. कामाची पाळी कुणाची, घुमटाच्या आत भाडं किती, बाळंतपणाची रजा कोण देणार, अपघात झाला तर चौकशी कोण करणार, मेलेल्या माणसाचं काय करायचं, हे प्रश्न तिथे छोटे समजले जातात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गेममध्ये यांग देतो. वस्तीत सगळ्या वस्तूंचा पुनर्वापर करणाऱ्या टाक्या बांधल्या की त्याचं वाक्य ऐकू येतं : प्रत्येक नागरिकाचं अखेरचं कर्तव्य म्हणजे या टाक्यांत उतरून सर्वांशी एकरूप होणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. नंतर जाणवलं की जिथे एक लिटर पाणीही वाया घालवता येत नाही तिथे हा हिशेब कुणीतरी मांडणारच. मांडणारा क्रूर असण्याची गरज नाही, काटकसरी असला तरी चालेल. नको म्हणण्याचा हक्क म्हणूनच आधी लिहून ठेवायचा.

मिरियमबद्दल माझं मत वर्षांनुवर्षं वाईट होतं. धर्माचा झेंडा घेऊन सतत चढाई करणारी शेजारीण म्हणूनच मी तिला ओळखत होतो. मग एका डावात एक मोठा प्रकल्प पुरा केला, सगळी वस्ती स्वतःच स्वतःवर नजर ठेवते असा. त्यानंतर एक छोटी चित्रफीत दिसते : भिंतीवर असहमतीचे शब्द रंगवणारा माणूस आणि ती भिंत पुन्हा स्वच्छ करून टाकणारी यंत्रणा. त्यावर शब्द मिरियमचे आहेत, आपण आता आपल्यावर राज्य करायला खोटे देव घडवणार का असं विचारणारे. सगळ्या गेममध्ये तो प्रश्न विचारायची हिंमत झाखारोवला झाली नाही, आणि लाललाही नाही. ज्यांचं आपल्याला पटत नाही त्यांनाही बोलायला जागा ठेवावी लागते याचं माझ्यापुरतं सर्वात पटलेलं कारण ती चित्रफीत आहे.

गेममधल्या ग्रहाला खरं नाव आहे, पण सगळे त्याला नुसतं ‘ग्रह’ म्हणतात. त्याच्यावर तांबूस बुरशीची रानं पसरलेली असतात, आणि त्यातून निघणाऱ्या किड्यांच्या झुंडी माणसाच्या मनावर हल्ला करतात. तिथे तोफा कामाला येत नाहीत, धैर्य लागतं. तुम्ही जितकी खोदाई, जितका धूर कराल तितकी बुरशी उसळते. खूप पुढे उलगडा होतो की ही सगळी बुरशी मिळून एक मन आहे, जागं होऊ पाहणारं. ज्याला सगळे मोकळी जमीन समजत होते तो स्वतः त्या गोष्टीतला आठवा पक्ष होता.

मंगळावर असं मन नाही. सूक्ष्मजीव असतील की नाही हे ठरलेलं नाही. पण पृथ्वीवरच्या शास्त्रज्ञांनी या बाबतीत एक चांगली सवय लावून घेतली आहे, ती मला अभिमानाची वाटते. ‘गॅलिलिओ’ यान २००३मध्ये मुद्दाम गुरू ग्रहात बुडवलं, कारण ते युरोपा या चंद्रावर आदळून तिथे पृथ्वीवरचे जंतू जाऊ नयेत. ‘कॅसिनी’ २०१७च्या सप्टेंबरमध्ये शनीत जाळलं ते एन्सेलॅडस आणि टायटन हे त्याचे चंद्र सुरक्षित राहावेत म्हणून. तिथे कुणी आहे हे ठाऊक नसतानाही जागा सोडली. उलट २०१९मध्ये चंद्रावर कोसळलेल्या ‘बेरेशीट’ या इस्रायली यानात टार्डिग्रेड नावाचे चिवट सूक्ष्म प्राणी ठेवले होते, हे जगाला कळलं ते जवळपास चार महिन्यांनी. ते यान खासगी होतं. ते प्राणी तिथे वाढणार नाहीत, नुकसान झालं नसेल. पण विचारायचं कुणाला, हेच ठरलेलं नसलं की कुणी विचारत नाही.

हा प्रश्न आता अमेरिकेचा आणि तिथल्या श्रीमंतांचा राहिलेला नाही. अमेरिकेने २०१५मध्ये कायदा करून अंतराळातून काढलेल्या खनिजांवर आपल्या नागरिकांना मालकी दिली. भारताने १९८२ साली चंद्र करारावर सही केली होती, ज्यात चंद्राची संपत्ती सगळ्या मानवजातीची असं म्हटलं आहे. त्याला मान्यता मात्र कधी दिली नाही. जून २०२३मध्ये आपण चंद्रावरच्या आणि त्यापुढच्या मोहिमांसाठी अमेरिकेने पुढे केलेल्या आर्टेमिस करारावर सही करणारा सत्ताविसावा देश झालो. त्याच वर्षीच्या भारतीय अंतराळ धोरणात खासगी संस्थांना लघुग्रहावरून किंवा अंतराळातून मिळवलेली संपत्ती बाळगण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क असल्याचं लिहिलं आहे. २०३५पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक आणि २०४०पर्यंत चंद्रावर भारतीय, अशी उद्दिष्टं जाहीर झाली आहेत. मला त्या दिवसाची वाट आहे. चांद्रयान-३ उतरलं त्या संध्याकाळी मीही टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या.

पण खनिज कुणाचं हे लिहून झालं आहे आणि ते खणणाऱ्या माणसाबद्दल एक ओळ नाही. अंतराळविषयक कामांच्या विधेयकाचा मसुदा २०१७मध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला होता. २०२३मध्ये आलं ते धोरण. कायद्याची जागा ते घेऊ शकत नाही. तो मसुदा पुन्हा कधीतरी समोर येईल, आणि तेव्हा उपग्रह, परवाने, विमा यांवर सूचनांचा पाऊस पडेल. मी त्यात पाठवायचं एक कलम लिहून ठेवलं आहे : ‘भारतात नोंदलेल्या कोणत्याही संस्थेने पृथ्वीबाहेर माणसांची वस्ती केल्यास तेथील हवा, पाणी, ऊब आणि पृथ्वीशी संपर्क या गोष्टी वेतनाशी, कर्जाशी किंवा शिस्तभंगाच्या कारवाईशी जोडता येणार नाहीत, आणि परतीच्या पहिल्या यानात जागा मागण्याचा हक्क तेथील प्रत्येक व्यक्तीला राहील, तिने करारात काहीही लिहून दिलेले असले तरी.’ शेवटचा भाग मी नंतर जोडला. भाषा वकिलांनी सुधारून द्यावी.